शिमोनाच्या घरची पंगत

नागपूरहून चंद्रपूरकडे येणारा रस्ता वरोरा मागे टाकून वीसेक किलोमीटर पुढे आला की भद्रावती लागते. रेल्वे स्थानकाच्या फलकावर मात्र या गावाचे जुने नाव, भांदक, अजून टिकून आहे. भोवताली कोळशाच्या खाणी आणि आयुध निर्माणी, आणि मधोमध हे पुरातन नगर. विजासनच्या टेकडीत कोरलेल्या लेण्यात लांब, अंधाऱ्या वाटेच्या टोकाशी बुद्धमूर्ती बसलेली आहे. गावात भद्रनागाचे मंदिर आहे. केशरियाजी पार्श्वनाथाच्या दर्शनाला दूरदूरचे जैन यात्रेकरू येतात. या साऱ्यांच्या मानाने आपण ख्रिस्ती लोक येथे अगदी अलीकडचे. चांद्याचा हा प्रदेश रोमने १९६२ साली सिरो-मलबार परंपरेतील धर्मगुरूंकडे सोपविला आणि १९७७ साली त्याला धर्मप्रांताचा दर्जा दिला. आज आमच्या मिस्सेला मराठी, मल्याळी, तमिळ, तेलुगू आणि आदिवासी अशी नाना घरांची माणसे एका छपराखाली गुडघे टेकतात.

भांदकचा इतिहास लिहिताना लेणी, शिलालेख आणि राजघराणी यांचाच विचार होतो, आणि ते योग्यच आहे. पण या परिसराला आणखी एक इतिहास आहे, आणि तो दगडावर कोरलेला नाही. गावाच्या सणाला, लग्नाला, जत्रेला, सभेला कोण कोणाशेजारी बसले, कोणी कोणाच्या हातचे खाल्ले आणि कोणाला दुरून वाढले गेले, याचा तो इतिहास. धर्मग्रामाच्या सणाची तयारी करताना दरवर्षी मला त्याची आठवण होते. सणाच्या जमाखर्चाइतकाच तो आपल्याला माहीत असावा, म्हणून हा लेख.

पंगत आणि अपांक्तेय

मराठी भाषेने या विषयाची साक्ष आपल्या शब्दांत जपून ठेवली आहे. ‘अपांक्तेय’ हा शब्द आज आपण साहित्यात आणि राजकारणात सर्रास वापरतो. एखादा लेखक अपांक्तेय ठरला, एखादा विचार अपांक्तेय ठरला, असे म्हणतो. मुळात त्याचा अर्थ साधा आहे: पंगतीत बसण्यास अयोग्य असलेला मनुष्य. त्याच घराण्यातला दुसरा शब्द ‘पंक्तिप्रपंच’. एकाच पंगतीत बसविले, पण एकाच्या पानावर तूप आणि दुसऱ्याच्या पानावर नुसता भात, असा भेद केला की तो पंक्तिप्रपंच. बाहेर ठेवणे हा एक अन्याय आणि आत घेऊन कमी लेखणे हा दुसरा. आपल्या पूर्वजांना दोन्ही ठाऊक होते, म्हणून त्यांनी दोन्हींना नावे दिली.

पंगतीबाहेर कोण, याच्या याद्याही जुन्या आहेत. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाच्या जेवणास वर्ज्य असलेल्यांची यादी आहे आणि तीत अंगावर पांढरे कोड असलेला माणूसही आहे. त्याच अध्यायात, ज्या कुळात कुष्ठ आहे त्या कुळाशी सोयरीक करू नये, असेही सांगितले आहे. जातीने दूर ठेवलेला आणि रोगाने दूर ठेवलेला, असे दोघेही मग गावाच्या एकाच कडेला जाऊन बसले.

त्याविरुद्धचा आवाजही याच मातीत उमटला. पैठणच्या संत एकनाथांविषयी परंपरा सांगते की, एका महार दांपत्याचे जेवणाचे आमंत्रण त्यांनी स्वीकारले आणि ते त्यांच्या घरी जाऊन जेवले. त्यांनी अस्पृश्यांना आपल्या घरी जेवू घातल्याची कथाही आहे. पण लोकांच्या मनाला अधिक चटका लावून गेली ती त्यांच्या घरी जाऊन जेवल्याची कथा, असे मला वाटते. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात तर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची तपोभूमी आहे. त्यांच्या सामुदायिक प्रार्थनेत सगळ्या जातींची माणसे एका रांगेत बसत आली आहेत. आणि १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या सोहळ्यानंतर दोनच दिवसांनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात बौद्ध धम्माची दीक्षा दिली. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कोणी आपल्या पंगतीत घेतले नव्हते, ते लोक त्या दिवशी दुसऱ्याची पंगत मागत राहिले नाहीत. त्यांनी स्वतःची मांडली.

ख्रिस्तसभेचा स्वतःचा जमाखर्च

दुसऱ्यांच्या ग्रंथातील याद्या वाचून दाखविणे सोपे असते. आपल्या घरची वहीही उघडावी.

ख्रिस्तसभेच्या पहिल्या पंचवीस वर्षांतच हा प्रश्न उभा राहिला. करिंथ येथील मंडळी प्रभुभोजनासाठी एकत्र येत. पण सुखवस्तू लोक अगोदर येऊन खाऊन-पिऊन घेत आणि दिवसभर राबून उशिरा पोहोचणारे गरीब उपाशी राहत. संत पौलाने इ. स. ५५च्या सुमारास लिहिलेल्या पहिल्या पत्रातील अकराव्या अध्यायात त्यांची खरडपट्टी काढली आहे. काही अभ्यासकांच्या मते त्या काळच्या घरांतील भोजनगृहात जेमतेम नऊ-दहा माणसे मावत आणि बाकीच्यांना अंगणात बसावे लागे. म्हणजे मानाची माणसे आत, साधी माणसे बाहेर. मिस्साबलिदानाच्या स्थापनेचा आपल्याला मिळालेला सर्वांत जुना लेखी वृत्तांत याच भांडणाच्या निमित्ताने लिहिला गेला, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. जेवणाच्या पानावरून भेद झाला नसता, तर तो उतारा कदाचित आपल्या हाती आलाच नसता.

संत याकोबाचे पत्रही सभेतील आसनांविषयी बोलते. सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांतल्याला ‘तू तिथे उभा राहा’, हा प्रकार त्याने साफ निषेधिला. तिसऱ्या शतकात सिरियामध्ये रचलेल्या ‘दिदास्कालिया’ या ग्रंथात बिशपांना एक विलक्षण सूचना आहे. सभा भरली असताना एखादा गरीब वृद्ध आला आणि त्याला जागा नसेल, तर बिशपांनी मनापासून त्याला जागा करून द्यावी, मग त्यासाठी स्वतःला जमिनीवर बसावे लागले तरी चालेल. सिरियाक परंपरेचा वारसा सांगणाऱ्या आपल्या धर्मप्रांताला तर ही सूचना घरच्या वडीलधाऱ्याने केल्यासारखी वाटावी.

पण वहीची दुसरी बाजूही आहे. कुष्ठरोग्यांना निरोगी माणसांसह चर्चमध्ये येता येत नाही, ही रीत मध्ययुगापर्यंत पक्की झाली होती. ११७९ सालच्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने त्यांच्या वस्त्यांना स्वतःचे चर्च, स्वतःची दफनभूमी आणि स्वतःचा धर्मगुरू देण्याचा हुकूम केला. त्यांच्या बागांवरचा आणि जनावरांवरचा दशमांशही माफ केला. ज्या धर्माधिकाऱ्यांनी त्यांना तेही नाकारले होते, त्यांना परिषदेने फटकारले. त्या काळाच्या मानाने ही करुणाच होती. तरीही ती दुरून दाखविलेली करुणा होती: तुमची पंगत वेगळी, पण तीत अन्न पोहोचेल. युरोपात काही ठिकाणी तर रोग्याला मंडळीतून वेगळे करण्याचा विधी होत असे आणि जिवंत माणसावर मृतासारखी माती टाकली जाई.

ती माती पुसण्याचे काम एकेकट्या माणसांनी केले. असिसीच्या संत फ्रान्सिसने आपल्या मृत्युपत्रात आपल्या पालटाची सुरुवात कुष्ठरोग्यांच्या सहवासापासून सांगितली आहे. १८७३ साली हान्सेन या नॉर्वेच्या वैद्याने कुष्ठरोगाचा जंतू शोधून काढला. त्याच वर्षी १० मे रोजी फादर डेमियन मोलोकाई बेटावरील कुष्ठवसाहतीत पोहोचले. ते रोग्यांबरोबर एकाच भांड्यातून जेवत आणि आपली चिलीमही त्यांच्या हाती देत. पुढे त्यांनाही तोच रोग जडला आणि १८८९ साली त्यांचे निधन झाले. २००९ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले. डेमियनचे सारे अनुकरण आपण करावे, असे नाही. पण त्या बेटावर अन्न आणि औषध दुरून पाठविणारे त्यांच्यापूर्वीही होते, त्या भांड्यात हात घालणारे मात्र विरळा.

वरोऱ्याचा माळ

आता पुन्हा आपल्या गावाकडे येऊ. वर्धा आणि चांदा या पट्ट्यात कुष्ठरोग फार होता आणि त्याविरुद्धचे पहिले निर्धाराचे कामही याच पट्ट्यात झाले. १९३६ साली मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केले. परचुरे शास्त्री हे संस्कृतचे पंडित गांधीजींबरोबर येरवड्याच्या तुरुंगात होते. कुष्ठ जडल्यावर ते सेवाग्रामला आले. गांधीजींनी त्यांना आश्रमातच ठेवून घेतले आणि आपल्या हातांनी त्यांच्या अंगाला मालिश केले.

त्यानंतर आले मुरलीधर देविदास आमटे, म्हणजे आपले बाबा आमटे. २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाटला जन्मलेले हे वकील वरोऱ्यात राहत. तेथील नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना सफाई कामगारांचे दुःख समजून घेण्यासाठी त्यांनी काही महिने मैला वाहिला. इतका निधडा माणूस. पण एका पावसाळी संध्याकाळी रस्त्याच्या कडेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी गलितगात्र अवस्थेत दिसला, तेव्हा तो भयाने पळाला. ही गोष्ट बाबांनीच पुढे वारंवार सांगितली. पळालेला माणूस परत आला, त्याने तुळशीरामाची शुश्रूषा केली आणि जेथे भीती आहे तेथे प्रेम राहू शकत नाही, या जाणिवेने आयुष्याची दिशाच बदलली. योहानाच्या पहिल्या पत्रातील चौथा अध्याय वाचताना मला हा प्रसंग नेहमी आठवतो.

१९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली. कलकत्त्याला जाऊन बाबांनी कुष्ठोपचाराचे शिक्षण घेतले. जून १९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर विनोबाजींच्या हस्ते आनंदवनाचे उद्घाटन झाले. सोबत साधनाताई, दोन लहान मुलगे, सहा कुष्ठरुग्ण आणि एक लंगडी गाय होती. बोटे झडलेल्या हातांनी विहीर खणली, जमीन फोडली, भाजीपाला पिकविला. अन्न तयार झाले, गरजेपेक्षा अधिक झाले आणि ते वरोऱ्याच्या बाजारात गेले.

कोणी घेईना. वांगी तीच, टोमॅटो तेच, दूधही तेच. पण पिकविणारे हात ठाऊक होते. कुष्ठरोग्याला भीक घालणारे गाव त्याच्याकडून भाजी विकत घ्यायला तयार नव्हते. भीक वरून खाली पडते. हाताला हात लागत नाही. विकत घ्यायचे म्हणजे त्या हातचे आपल्या ताटात येऊ द्यायचे. दयेची मर्यादा नेमकी कोठे संपते, हे त्या बाजारात उघडे पडले.

बाहेरून आलेले पाहुणे

ही कोंडी फुटली ती १९५४ साली. ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ या संस्थेचे सुमारे पन्नास तरुण स्वयंसेवक आनंदवनात आले. ते छत्तीस देशांचे होते, असे सांगितले जाते. या संस्थेचा जन्मही आपल्या विषयाशी जुळणारा आहे. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, पिएर सेरेसोल या स्विस शांतिवाद्याने फ्रान्समधील व्हर्दनजवळच्या एका उद्ध्वस्त गावात घरे बांधायला तरुण नेले. त्यांत जर्मनही होते. युद्धाची जखम ताजी होती आणि त्या परिसराला शत्रुराष्ट्राच्या माणसांची मदत सोसवली नाही. शेवटी त्या तुकडीला काम अर्धवट टाकून निघावे लागले. दारातून परत फिरवले जाणे म्हणजे काय, हे या संस्थेला जन्मापासून माहीत होते.

हे तरुण आनंदवनात महिनोन्‌महिने राहिले. त्यांनी रुग्णालयाच्या इमारती बांधल्या, पाट्या वाहिल्या, विटा रचल्या. पण वरोऱ्याच्या लोकांनी पाहिले ते वेगळेच. ही मंडळी कुष्ठरुग्णांबरोबर जेवत होती. त्यांनी पिकविलेली भाजी खात होती, त्यांनी काढलेले दूध पीत होती, आणि आजारी न पडता सकाळी पुन्हा कामाला लागत होती. बघायला म्हणून लोक कुंपणापर्यंत आले, मग आत आले. हळूहळू बाजारात आनंदवनच्या भाजीला गिऱ्हाईक मिळू लागले.

या प्रसंगात एक टोचणारी गोष्ट आहे आणि ती लपवू नये. बाबा आणि साधनाताई तर तीन वर्षे त्यांच्याच बरोबर राहत होते. त्यांच्याकडे पाहून बाजाराचे मन का पालटले नाही? मला वाटते, गावाने त्या दांपत्याला केव्हाच ‘त्यांच्यातले’ म्हणून टाकले होते. आणि परदेशी माणसाविषयी आपल्या मनात असलेला धाकही या वेळी कामी आला असावा. मन पालटायला गोऱ्या पाहुण्यांनी जेवून दाखवावे लागले, हे आपल्या समाजाला फारसे भूषणावह नाही. तरीही इतिहासाचा धडा स्पष्ट आहे. औषधाची माहिती त्या काळीही उपलब्ध होती. कुष्ठावरील डॅप्सोनच्या गोळ्या प्रचारात आल्या होत्या. माहितीने जे भय गेले नाही, ते सहभोजनाने जाऊ लागले.

यजमान कोण?

आनंदवनाच्या पुढच्या वाटचालीत मला सर्वांत मोलाची वाटणारी घटना इमारतीची किंवा पुरस्काराची नाही. १९६०च्या दशकात तेथे आनंदनिकेतन महाविद्यालय सुरू झाले आणि वरोरा, भद्रावती व आसपासच्या खेड्यांतील निरोगी मुले-मुली शिकायला आनंदवनात जाऊ लागली. ज्यांना गावाने वेशीबाहेर घातले, त्यांच्याच आवारात गावाची लेकरे पदवी घेऊ लागली. सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत भर मे महिन्यात महाराष्ट्रभरचे तरुण घाम गाळायला जमू लागले. पु. ल. देशपांडे यांच्यासारखे साहित्यिक आनंदवनाचे स्नेही झाले. पुढे ‘स्वरानंदवन’ या वाद्यवृंदातून तेथील अंध, अपंग आणि कुष्ठमुक्त कलावंत गावोगावी गाऊ लागले. या सगळ्यात एक समान सूत्र आहे: एके काळचा अपांक्तेय येथे पाहुणा राहिला नाही, तो यजमान झाला.

गडचिरोलीतही हेच पाहायला मिळते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. गोंड आदिवासी इस्पितळात यायला का बिचकतात, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. मोठ्या इमारतींची भीती वाटते, नातेवाइकांना जवळ राहू देत नाहीत, तेथे आपला देव नसतो, अशी उत्तरे आली. म्हणून रुग्णालय झोपड्यांच्या गावासारखे बांधले गेले आणि त्याला दंतेश्वरी मातेचे नाव देण्यात आले. पाहुण्याचा मान राखायचा तर अगोदर त्याला विचारावे, एवढी साधी गोष्ट. पण ती किती थोड्यांना सुचते!

एका सणाची आठवण

आता माझ्या पदरची एक चूक सांगतो. १९९९ साल असावे. गुरुदीक्षा होऊन मला फार दिवस झाले नव्हते आणि याच जंगलपट्टीतील एका धर्मग्रामात मी सहायक धर्मगुरू होतो. चर्चच्या सणाला जवळच्या वस्तीतील कुष्ठमुक्त कुटुंबांना बोलवावे, असे मी सुचविले आणि सारी व्यवस्था हौसेने अंगावर घेतली. त्यांच्यासाठी सावलीत वेगळा मांडव घातला, सर्वांच्या आधी त्यांना वाढले, जाताना लुगडी आणि टॉवेल दिले. माझ्या मते तो त्यांचा बहुमान होता. मुख्य मांडवात दोनशे माणसे बसली होती. तेथे त्यांच्यातले कोणी नव्हते, हे माझ्या ध्यानातही आले नाही.

निघताना एक म्हातारेबुवा माझ्याजवळ आले. हात जोडून म्हणाले, “फादर, जेवन मस्त झालं. आता आमच्या घरी कवा येता जेवाले?”

मी “येईन की, बाबा” म्हणालो आणि वर्षभर गेलो नाही. कामे होतीच, कामे नेहमीच असतात. पण खरे कारण मला ठाऊक होते. सेमिनरीत मी संत फ्रान्सिसवर निबंध लिहिला होता, कुष्ठरोग कसा पसरतो आणि कसा पसरत नाही, हे मला पाठ होते, आणि तरीही त्या घरच्या थाळीचा विचार मनात आला की पाय मागे घेत. शेवटी गेलो तेव्हा ते म्हातारेबुवा या जगात नव्हते. त्यांच्या म्हातारीने भाकर आणि वांग्याची भाजी वाढली. तिने मला नाव ठेवले नाही. “ते वाट पाहत होते तुमची,” एवढेच म्हणाली. त्या भाकरीचा घास मला आजही गिळता येत नाही.

आपल्या सणांसाठी

काळ बराच पुढे आला आहे. १९८०च्या दशकात बहुविध औषधोपचार आले आणि पहिल्या काही मात्रांतच रुग्णापासून संसर्गाचा धोका जवळजवळ संपू लागला. बहुसंख्य माणसांच्या अंगी या जंतूविरुद्ध जन्मतःच प्रतिकारशक्ती असते. १८९८ सालचा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा २०१६ साली रद्द झाला. २०१९ सालापर्यंत कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कायदेशीर कारण होते. ते त्या वर्षी वगळले गेले आणि ज्या कायद्यांतून ते काढले, त्यांत आपणा ख्रिस्ती लोकांना लागू असलेला १८६९ सालचा कायदाही होता. एवढे होऊनही आमच्या जिल्ह्यांत नवे रुग्ण अजून आढळतात आणि बरे झालेल्यांना अजून दूर बसविले जाते. म्हणून अनुभवातून शिकलेल्या काही गोष्टी येथे नोंदवितो.

वेगळा मांडव घालू नये, मानाचा म्हणूनही नाही. जेथे सगळे बसतात, तेथेच जागा ठेवावी आणि शेजारी घरच्या माणसाने बसावे. बधिर झालेल्या हातांना चटका कळत नाही. उकळता चहा स्टीलच्या पेल्यात दिला तर बोटे भाजतात आणि माणसाला पत्ताही लागत नाही. त्यांना कान असलेला कप द्यावा, आणि शक्य तर सगळ्यांनाच तसा द्यावा, म्हणजे कोणी वेगळा दिसणार नाही. आमच्याकडे चर्चबाहेर पादत्राणे काढण्याची रीत आहे. उन्हाळ्यात चांद्याची फरशी तव्यासारखी तापते, आणि बधिर पायांना तेथेच फोड येऊन त्यांच्या जखमा होतात. मऊ रबरी तळव्याच्या खास चपला घालणाऱ्यांना त्या आत नेऊ द्याव्यात आणि दारावरच्या स्वयंसेवकाला हे अगोदर सांगून ठेवावे. शांतीचे अभिवादन करताना समोरचा हात कसा आहे, हे पाहू नये. ख्रिस्तशरीर देताना धर्मगुरूने घाई करू नये.

हे नियम कुष्ठमुक्तांपुरते नाहीत. खाणीत कंत्राटावर राबणारा मजूर, गोंडी बोलणारी आजी, चाकाच्या खुर्चीवरचे पोर, घटस्फोटित भगिनी, मराठी नीट न येणारे नवे कुटुंब, या प्रत्येकाला आपल्या सणात कोठे बसावे लागते, हे एकदा पाहावे. त्यांना काय हवे, हे त्यांनाच विचारावे. स्वयंपाकाच्या, गायनाच्या, स्वागताच्या समितीत त्यांची नावे असावीत. आणि सणाचे आमंत्रण देताना, त्यांच्या घरी आपण शेवटचे केव्हा जेवलो, हे मनाशी आठवावे.

वाचकहो, प्रभू येशूच्या दुःखसहनाची कथा संत मार्क बेथानीतल्या एका जेवणापासून सुरू करतो. ते घर ‘कुष्ठरोगी शिमोन’ याचे होते. पवित्र शास्त्रातील ‘कुष्ठ’ या शब्दात त्वचेचे अनेक रोग येतात, असे अभ्यासक सांगतात. शिमोन बरा झालेला असावा, नाहीतर त्याच्या घरी पंगत बसली नसती. तरी लोकांनी ते नाव काढले नाही. शुभवर्तमानातही तो त्याच नावाने राहिला. आपले प्रभुभोजन मांडण्याअगोदर प्रभू त्या माणसाच्या घरी पाहुणा म्हणून गेला आणि त्याच्याकडे जेवायला बसला. तेथेच एका स्त्रीने सुगंधी तेल त्याच्या मस्तकावर ओतले, आणि जगात जेथे जेथे सुवार्ता सांगितली जाईल तेथे तेथे तिचे स्मरण होईल, असे तो म्हणाला.

यंदा आमच्या धर्मग्रामाचा सण आटोपला की पुढच्या रविवारी मी त्या जुन्या वस्तीवर जेवायला जाणार आहे. कार्यकारिणीतील चार कुटुंबेही येणार आहेत. स्वयंपाक वस्तीचा आहे. आम्ही फक्त भूक घेऊन जायचे, असे ठरले आहे.